दुसऱ्या प्रश्नाला टिकेल असं प्रोफाइल: नोकरी शोधताना पर्सनल ब्रँडिंगमध्ये होणाऱ्या चुका आणि त्या दुरुस्त करायची पद्धत

माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे अर्ज चाळणं. एका टॅबमध्ये रिझ्युमे, दुसऱ्यात लिंक्डइनचं प्रोफाइल, असं दिवसभर चालू असतं. मध्यंतरी एका उमेदवाराच्या रिझ्युमेत 'सीनियर ॲनालिस्ट, मार्च २०२१ पासून' असं होतं, प्रोफाइलवर 'ॲनालिस्ट, ऑगस्ट २०२१ पासून' आणि ईमेलखालच्या सहीत 'डेटा स्टोरीटेलर'. माणूस खोटारडा नव्हता. फोन केल्यावर कळलं की पहिले पाच महिने तो कंत्राटावर होता, बढती नंतर मिळाली आणि प्रोफाइल त्याने त्यानंतर उघडलंच नव्हतं. फोन केला, कारण त्या दिवशी मला वेळ होता. नसता तर तो अर्ज 'नंतर बघू'च्या फोल्डरमध्ये गेला असता, आणि त्या फोल्डरमधले अर्ज नंतर कुणी बघत नाही.

'पर्सनल ब्रँड' हा शब्द रुळला तो १९९७ च्या ऑगस्टमध्ये 'फास्ट कंपनी' या अमेरिकन मासिकात व्यवस्थापनावर लिहिणारे टॉम पीटर्स यांचा लेख आल्यानंतर. लिंक्डइन सुरू व्हायला तेव्हा अजून जवळपास सहा वर्षं होती. पुढे या शब्दाला इतके रंग फासले गेले की लोकांना वाटतं, ब्रँडिंग म्हणजे लोगो, ठरावीक रंगसंगती आणि रोज सकाळी एक पोस्ट. नोकरी शोधणाऱ्यासाठी अर्थ बराच साधा आहे: तुमच्या गैरहजेरीत तुमची बाजू मांडणारे चार-पाच कागद आणि पानं. रिझ्युमे, लिंक्डइन, गूगलवर नाव टाकल्यावर जे येतं ते, तुमचा ईमेल, आणि हो, व्हॉट्सॲपचा डीपीसुद्धा.

या सगळ्याला मी एकच कसोटी लावतो. मुलाखतीतला पहिला प्रश्न प्रोफाइलवरून येतो: 'तुम्ही टीम सांभाळत होता असं लिहिलंय?' याला सगळेच हो म्हणतात. मग दुसरा प्रश्न येतो: 'किती जणांची? त्यांच्या रजा कोण मंजूर करायचं?' इथे काही जण सावरून बसतात आणि काही जण घसा खाकरतात. ज्या वाक्याला दुसरा प्रश्न झेपत नाही, ते वाक्य नोकरी घालवतं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर बेतलेल्या आहेत. एका बैठकीत उरकायचं काम नाही. दोन सुट्टीचे दिवस काढा.

आधी परक्या नजरेने स्वतःला बघा

ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडा. नेहमीच्या खिडकीत गूगल तुम्हाला ओळखतं, त्यामुळे निकाल तुमच्या सवयींप्रमाणे वरखाली होऊ शकतात. तुमचं पूर्ण नाव टाका, मग नाव आणि क्षेत्र, मग नाव आणि जुन्या कंपनीचं नाव. 'इमेजेस'ही बघा. हाच उद्योग मोबाइलवर पुन्हा करा. एखाद्या मित्राच्या फोनवरून स्वतःचा नंबर उघडून व्हॉट्सॲपचा डीपी आणि 'अबाउट'ची ओळ कशी दिसते तेही तपासा. मुलाखतीची वेळ ठरवायला हल्ली बऱ्याचदा तिथेच मेसेज येतो, आणि 'अबाउट'मध्ये चार वर्षांपूर्वी भांडणानंतर लिहिलेली ओळ तशीच असते. (माझ्या पाहण्यातली एक: 'मतलबी दुनिया'. अर्ज ग्राहकसेवेच्या पदासाठी होता.)

जे दिसेल ते कागदावर उतरवा. लगेच दुरुस्त करायला बसू नका, कारण एक ठिगळ लावताना दुसरीकडे नवी विसंगती तयार होते.

काहीच सापडलं नाही तर? तीही अडचणच आहे. करिअरबिल्डरच्या २०१८ च्या पाहणीत ४७ टक्के नियोक्त्यांनी सांगितलं होतं की उमेदवार ऑनलाइन सापडला नाही तर त्याला मुलाखतीला बोलावण्याची शक्यता कमी होते. ही कंपनी स्वतःच भरतीच्या धंद्यातली, आकडाही अमेरिकेतला आणि जुना, त्यामुळे तो चिमूटभर मीठ टाकूनच घ्या. पण नाव टाकल्यावर एकही पान न येणं विचित्र वाटतं, एवढं मी अनुभवावरून सांगू शकतो.

नामसाधर्म्याचा त्रास वेगळाच. तुमच्याच नावाचा दुसरा कुणी एखाद्या प्रकरणात बातमीत असेल तर तुम्ही त्याला हटवू शकत नाही. मधलं नाव किंवा आद्याक्षर घालून नावाचं एक रूप ठरवा आणि ते रिझ्युमे, प्रोफाइल, ईमेल, सगळीकडे तसंच ठेवा. रिझ्युमेवर तीन शब्दांचं नाव, लिंक्डइनवर टोपणनाव आणि ईमेलमध्ये जन्मसाल असलं की शोधणारा कंटाळतो.

एक मूळ कागद तयार करा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगाची. नेमणुकीची पत्रं, अनुभवाचे दाखले, पदवीची प्रमाणपत्रं काढून समोर ठेवा. एका शीटमध्ये प्रत्येक नोकरीसाठी एक ओळ: पत्रावर असलेलं कंपनीचं नाव, पत्रावर असलेलं पदनाम, रुजू झाल्याचा महिना, सोडल्याचा महिना, कायम की कंत्राटी, बढती झाली असेल तर तिचा महिना. शिक्षणासाठीही तसंच. पदवी पूर्ण झाली नसेल तर 'अपूर्ण' असा शब्द लिहा.

यापुढे रिझ्युमे, लिंक्डइन, नोकरीची पोर्टलं, अर्जाचे फॉर्म, सगळीकडे याच शीटवरून उतरवायचं. आठवणीतून काहीही लिहायचं नाही. पार्श्वभूमी तपासणारी माणसं नेमक्या याच गोष्टी पत्राशी ताडून बघतात, आणि तोपर्यंत तुम्ही आधीच्या नोकरीचा राजीनामा दिलेला असतो. ऑफर मागे घेतली जाण्याचे जे प्रसंग मी पाहिले, त्यातले बरेच या महिन्यांच्या आणि पदनामांच्या घोळातून झाले. काम येत नाही म्हणून नाही.

मोठ्या माणसांचंही पितळ यातच उघडं पडतं. मे २०१२ मध्ये याहूचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्कॉट थॉम्पसन यांना चार-साडेचार महिन्यांत पद सोडावं लागलं. त्यांच्या परिचयात अकाउंटिंगबरोबर कॉम्प्युटर सायन्सची पदवी असल्याचं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात पदवी फक्त अकाउंटिंगची होती. एवढ्या वरच्या पदाला त्या जादा पदवीची गरजही नव्हती. नको असलेलं विशेषण गळ्यात कसं येतं, त्याचा हा नमुना.

पदनाम पत्रात 'एक्झिक्युटिव्ह' असेल आणि काम मॅनेजरचं केलं असेल, तर पदनाम पत्रातलंच ठेवा आणि खाली पहिल्याच ओळीत काम सांगा: 'पाच जणांच्या टीमची रोजची कामवाटणी माझ्याकडे'. दोन नोकऱ्यांमधली मोकळी जागाही लपवू नका. वर्षं तेवढी लिहून महिने गाळले की ती लपते, असं लोकांना वाटतं. खरं तर महिने गाळलेले दिसले की मी मोकळी जागाच शोधायला लागतो. 'घरातल्या आजारपणासाठी आठ महिने थांबलो' ही एक ओळ पुरते आणि बहुतेकदा पुढे कुणी काही विचारत नाही.

मग नावाखालची ओळ

लिंक्डइनवर नावाखाली २२० अक्षरांपर्यंत हेडलाइन लिहिता येते, पण शोधाच्या यादीत किंवा कमेंटशेजारी ती मध्येच कापली जाते. म्हणजे खरी किंमत पहिल्या सात-आठ शब्दांची. आणि नेमक्या तिथे काय असतं? 'सीकिंग न्यू ऑपॉर्च्युनिटीज'. यातून तुमची गरज कळते, काम कळत नाही. रिक्रूटर शोधाच्या चौकटीत पदाचं नाव आणि कौशल्य टाइप करतो. 'संधीच्या शोधात' असं कुणी शोधत नाही. 'ॲस्पायरिंग' लिहिलं की तुम्ही ते काम अजून करत नाही हे तुम्हीच जाहीर करता. 'मार्केटर, कोच, स्पीकर, फाउंडर, ट्रॅव्हलर' अशा पाच टोप्या एकदम घातल्या की डोकं दिसेनासं होतं.

ओळखीतली एक मुलगी सहा वर्षं एका मोठ्या गोदामात काम करत होती. हेडलाइन होती: 'डायनॅमिक सप्लाय चेन प्रोफेशनल, टीम प्लेअर, ओपन टू ऑपॉर्च्युनिटीज'. तिला समोर बसवलं आणि विचारलं, सकाळी गेल्यावर पहिलं काय करतेस?

'कालच्या तफावतीची यादी काढते.'

कसली तफावत?

'सिस्टिममध्ये चाळीस खोकी दिसतात, रॅकवर सदतीसच असतात.'

मग?

'मग ती तीन कुठे गेली ते शोधते.'

झाली की हेडलाइन! आम्ही लिहिलं: 'इन्व्हेंटरी कंट्रोलर: सिस्टिममधला आणि रॅकवरचा साठा जुळवणं, सायकल काउंट, एसएपी'. (सायकल काउंट म्हणजे माल थोडा थोडा करून नियमित मोजणं, एसएपी म्हणजे कंपनीचे व्यवहार नोंदवायचं सॉफ्टवेअर.) पदाचं नाव आणि कौशल्यं आली म्हणजे शोधात सापडते, आणि मधल्या चार शब्दांत तिचं काम डोळ्यांसमोर उभं राहतं. तुम्हीही असंच करा. कुणाला तरी समोर बसवून 'सकाळी गेल्यावर पहिलं काय करतोस?' असं विचारायला सांगा आणि उत्तर रेकॉर्ड करा. लिहायला बसलं की आपण अवघडतो, बोलताना नीट सांगतो.

'अबाउट'मध्ये २६०० अक्षरं मावतात. सगळी वापरायची सक्ती नाही. वाचणाऱ्याला आधी वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं 'सी मोअर' दाबल्यावर. त्या ओळी बालपणापासूनच्या जिद्दीवर खर्च करू नका. कुठलं काम करता, कुठल्या प्रकारच्या ठिकाणी केलंत, पुढे काय करायचंय, एवढं सांगा आणि ते 'मी' म्हणून सांगा. स्वतःबद्दल 'ते एक द्रष्टे व्यावसायिक आहेत' असं तृतीयपुरुषी लिहिलेलं वाचलं की मला सत्काराच्या निवेदनाची आठवण येते.

आता प्रत्येक दावा घासून बघा

रिझ्युमेतली आणि प्रोफाइलवरची वाक्यं एकेक करून वाचा आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने दुसरा प्रश्न लिहा. किती? कुणासाठी? आधी काय व्हायचं? तुम्ही नसता तर काय झालं असतं? उत्तर सुचलं तर ते वाक्यात घाला. सुचलं नाही तर वाक्य खोडा.

त्याच मुलीच्या रिझ्युमेत एक ओळ होती: 'इन्व्हेंटरी मॅनेजमेंटची जबाबदारी सांभाळली'. मी विचारलं, आधी काय व्हायचं? तर वर्षातून एकदा दोन दिवस गोदाम बंद ठेवून सगळा माल मोजायचे. तिने सुचवलं की रोज एक रॅक मोजायचा. भरभर फिरणारा माल महिन्यातून एकदा, संथ माल तीन महिन्यांतून एकदा. ही पद्धत जगात नवी नाही, तिलाच सायकल काउंट म्हणतात, पण त्या गोदामात ती नव्हती. आता तिला 'अचूकतेत ३० टक्के सुधारणा' असं घालायचं होतं. सगळे घालतात, म्हणून. मी विचारलं, कशाच्या ३० टक्के? मोजलं होतंस का? ती हसली. शेवटी ओळ अशी झाली: 'सुपरवायझरच्या मंजुरीने रोजची सायकल काउंट सुरू केली, वार्षिक मोजणीसाठी गोदाम दोन दिवस बंद ठेवावं लागायचं, ते थांबलं.' टक्केवारीचा पत्ता नाही, तरी या ओळीवर कितीही प्रश्न विचारा, तिच्याकडे उत्तर आहे.

त्यातले 'सुपरवायझरच्या मंजुरीने' हे शब्द तिचेच. ते काढले तर आपण मोठे दिसू, असं वाटतं. पण मुलाखत घेणाऱ्याला माहीत असतं की असा बदल एकट्याने होत नाही. श्रेय नीट वाटलेलं दिसलं की उरलेल्या वाक्यांवरही विश्वास बसतो.

आकडे नसतील तर आधी आणि नंतर यातला फरक सांगा, काम किती वेळा व्हायचं ते सांगा, कामाचा पसारा सांगा, किंवा तुम्ही केलेली गोष्ट अजून वापरात आहे का ते सांगा. 'मी बनवलेली तपासणीची यादी दुसऱ्या दोन शाखांनी उचलली' हे कुठल्याही टक्केवारीपेक्षा वजनदार आहे. आलेख काढून 'एक्सेल ८५ टक्के, संवादकौशल्य ९० टक्के' असं दाखवणाऱ्यांना मला नेहमी विचारावंसं वाटतं की उरलेले १५ टक्के एक्सेल नेमकं कुठलं?

उलटी चूकही तितकीच होते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. संकोची माणसं सगळं 'आम्ही'मध्ये बुडवून टाकतात. 'आम्ही प्रकल्प पूर्ण केला', 'टीमने ग्राहक टिकवला'. वाचणाऱ्याला तुमचा वाटा कळतच नाही आणि तो सर्वांत कमी वाटा धरून पुढे जातो. स्वतःची टिमकी वाजवायला नको वाटणं समजू शकतो, पण आपलं काम सांगणं म्हणजे टिमकी नव्हे. दोन वाक्यांत वाटणी करा: टीमने काय केलं, त्यात माझ्याकडे काय होतं.

चॅटजीपीटीसारख्या साधनांनी लिहून घेतलेला मजकूर लगेच ओळखू येतो, असा माझा दावा नाही. पण एकाच पदासाठी आलेल्या अर्जांत एकसारखी गुळगुळीत वाक्यं ओळीने यायला लागली की वाचणाऱ्याची नजर घसरते. नाव झाकून तुमचं 'अबाउट' वाचा. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही ते जसंच्या तसं लागू पडत असेल तर ते तुमचं नाही. या साधनाचा चांगला उपयोग उलट्या दिशेने होतो: त्याला रिझ्युमे द्या आणि 'यातल्या प्रत्येक ओळीवर मुलाखतीत येतील असे खोचक प्रश्न काढ' असं सांगा. फोन नंबर, पत्ता आणि जुन्या कंपनीचे आतले आकडे त्याआधी काढून टाका.

आतल्या आकड्यांवरून आठवलं. पोर्टफोलिओत जुन्या कंपनीचा खरा डॅशबोर्ड किंवा ग्राहकांची यादी टाकणारे लोक आहेत. काम उत्तम असतं, पण बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो 'उद्या हा आमचंही असंच बाहेर मांडेल' हा. आकडे बदलून, नावं काढून नमुना नव्याने बांधा आणि 'आकडे काल्पनिक' असं वर लिहा.

फाइल आणि फोटो: लवकर आटपा

यावर लोक निष्कारण आठवडे घालवतात. मोठ्या कंपन्यांत अर्ज एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमधून येतात. ते रिझ्युमेतला मजकूर उपसून रकान्यांत भरतं, आणि दोन स्तंभ, टेबलं, टेक्स्ट बॉक्स, चित्रात लिहिलेली अक्षरं यांत गडबडू शकतं. तपासायला सोपं आहे: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे फोन नंबर गायब झाला असेल किंवा एका नोकरीच्या तारखा दुसरीखाली गेल्या असतील तर मांडणी बदला. पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवायचा 'जुगाड' करू नका. मजकूर उपसल्यावर ती अक्षरं इतरांसारखीच काळी दिसतात.

लॅडर्स या संस्थेच्या २०१८ च्या नजर-मागोवा अभ्यासात रिझ्युमेच्या पहिल्या चाळणीला सरासरी ७.४ सेकंद लागतात असं आढळलं. लोक हा आकडा ऐकून घाबरतात आणि रंगीत रिझ्युमे करतात. त्या सेकंदांत वाचणाऱ्याची नजर पदनाम आणि तारखा शोधत असते, त्या चटकन सापडल्या की झालं. फाइलचं नाव 'रिझ्युमे फायनल नवीन २' असं नको; तुमचं नाव आणि पद पुरे. फोटोत चेहरा स्पष्ट दिसावा आणि तो आजचा असावा. लग्नातल्या गटफोटोतून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात राहिलेला फोटो मी दर आठवड्याला बघतो.

पोस्ट करायच्या की नाही

केल्याच पाहिजेत असं अजिबात नाही. ज्यांना भरभर पोस्ट करायला सांगितलं जातं, त्यातल्या बऱ्याच जणांचं त्यामुळे नुकसानच झालेलं मी पाहिलंय. हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या भिंतीवर सलग चाळीस प्रेरणादायी सुविचार असले तर त्याच्या हिशेबाबद्दल मला काहीच कळत नाही. दर आठवड्याला एका ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र टाकणाऱ्याबद्दल प्रश्न पडतो की याने शिकलेलं वापरलं कुठे.

सर्वांत महागात पडणारी पोस्ट म्हणजे जुन्या साहेबावरची किंवा नकार देणाऱ्या कंपनीवरची. राग खरा असतो, बऱ्याचदा रास्तही असतो. मुलाखतीनंतर कुणीच कळवलं नाही तर संताप येणारच, आमच्या क्षेत्राची ही घाण सवय आहे. तरी, वाचणाऱ्या पुढच्या माणसाला तुमची बाजू माहीत नसते. त्याला एवढंच दिसतं की उद्या आपणही त्या पोस्टमध्ये असू शकतो. लिहायचंच असेल तर लिहा, ड्राफ्टमध्ये ठेवा, दोन रात्री जाऊ द्या.

चालतं काय? कामातली एखादी छोटी अडचण आणि ती कशी सोडवली. महिन्यातून एक पुरे. किंवा तेही नको: तुमच्या क्षेत्रातल्या दुसऱ्या कुणाच्या पोस्टखाली जाणकारीची दोन वाक्यांची कमेंट. 'व्हेरी इन्स्पायरिंग, सर' ही कमेंट नव्हे.

'ओपन टू वर्क'बद्दल खूप विचारणा होते. त्यात दोन पर्याय आहेत: एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि सगळ्यांना दिसते, दुसऱ्यात फक्त रिक्रूटरना कळतं. हातात नोकरी नसेल तर हिरव्या पट्टीत लाजण्यासारखं काही नाही. नोकरीत असाल तर दुसरा पर्याय घ्या, पण निर्धास्त राहू नका. सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून हे झाकायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण हमी देत नाही, आणि तसं ते स्वतःच सांगतं. प्रोफाइलमध्ये मोठे बदल करण्याआधी बदलांची सूचना नेटवर्कला जाण्याचं सेटिंगही बंद करा, नाहीतर साहेबाला तुमच्याआधी लिंक्डइन सांगेल.

माणसांपर्यंत पोहोचताना

१९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मांडलं की नव्या संधीची माहिती आणायला जवळच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखीची माणसं जास्त उपयोगी पडतात, कारण मित्रांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले आणि ते बरेचसे तसेच निघाले; सर्वाधिक उपयोग झाला तो फार घट्टही नाही आणि अगदी परक्याही नाही अशा मधल्या ओळखींचा. म्हणजे दोन नोकऱ्यांपूर्वी पलीकडच्या विभागात बसणारी ती व्यक्ती.

आणि अशा व्यक्तीला आपण काय पाठवतो? सहा वर्षांनी एकदम 'हाय, सोबत रिझ्युमे जोडलाय, काही असेल तर बघा'. 'काही असेल तर' म्हणजे शोधायचं काम तिच्या गळ्यात. त्याऐवजी असं लिहून बघा:

'नमस्कार, आपण २०१८ मध्ये बिलिंगच्या प्रकल्पावर एकत्र होतो, मी तेव्हा तपासणीच्या टीममध्ये होतो. तुमच्या कंपनीत क्वालिटी ॲनालिस्टची जागा निघालेली दिसली. अर्ज करण्याआधी एकच विचारायचं होतं: ही टीम हाताने तपासणी जास्त करते की ऑटोमेशन? दोन ओळींत उत्तर दिलंत तरी पुरेल.'

यात ओळख कुठली ते आहे, जागा कुठली ते आहे आणि उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागेल असा प्रश्न आहे. शिफारस मागितलेली नाही. उत्तर आलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं, नाही आलं तरी तुम्ही कुणाला भरीस पाडलेलं नसतं. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. एका कंपनीतल्या तिघांना तो गेला आणि तिघे जेवायला एकाच टेबलावर बसत असले की तुमच्या मेसेजवर हशा होतो. हे मी ऐकीव सांगत नाही, त्या टेबलावर मी बसलेला आहे.

लिंक्डइनवरच्या 'रेकमेंडेशन'चंही तसंच. 'मेहनती आणि मनमिळाऊ' अशा दहा शिफारशींपेक्षा, तुमच्याबरोबर खरंच काम केलेल्या माणसाने एक प्रसंग सांगून लिहिलेली एक पुरते. मागताना त्याला तो प्रसंग आठवून द्या.

जुनं काय करायचं

पहिल्या दिवशी केलेली यादी आता काढा. फेसबुकवर जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करायची सोय सेटिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी टॅग केलेले फोटो तपासा. तुम्ही काढून टाकलेलं पान गूगलच्या निकालात अजून दिसत असेल तर जुनी माहिती ताजी करण्याची विनंती गूगलकडेच करता येते. ज्याचा स्क्रीनशॉट कुणी घेतलाय त्याला मात्र इलाज नाही. त्यावर प्रश्न आला तर 'हो, ते मीच लिहिलं होतं, आज तसं लिहिणार नाही' एवढं उत्तर तयार ठेवा. मतं असणं ही चूक नाही, सगळं पुसून प्लास्टिकचं माणूस व्हायची गरज नाही. शिवीगाळ, कुणाच्या जातीधर्मावरून किंवा दिसण्यावरून केलेले विनोद आणि कामाच्या ठिकाणची गुपितं, एवढं मात्र पहिल्यांदा काढा.

ऑफर आल्यानंतर

मूळ कागदावर नवी ओळ घाला: पत्रावरचं पदनाम, रुजू होण्याचा महिना. 'ओपन टू वर्क' बंद करा, नाहीतर नव्या टीममधलं कुणीतरी पहिल्याच आठवड्यात ते बघतं. पोर्टलांवरचे जुने रिझ्युमे काढा. आणि 'नवी नोकरी सुरू करत आहे' ही पोस्ट प्रत्यक्ष रुजू झाल्यावरच टाका. ऑफर आणि पहिला दिवस यांच्यामध्ये कंपनीने भरती थांबवल्याचे प्रकार मी दोनदा पाहिलेत, आणि त्यातल्या एकाच्या पोस्टखाली तोवर दोनशे जणांनी अभिनंदन करून झालं होतं.